ब्याऐंशी

झाकणाचे दोन बोल्ट. एक सहज आला.
दुसऱ्याला रात्रभर तेल पाजावं लागलं,
सकाळी हातोडीच्या बुडानं समजवावं लागलं.
बाहेर उणे एकोणीस. मार्च सरत आला
तरी स्टोरुमनचं तळं अजून ट्रक पेलतंय.

गाडी सहासष्ट सालची, व्होल्वो अ‍ॅमेझॉन,
गडद हिरवी, बाबांच्या पश्चात माझी.
तक्रार एकच, माझ्या आठवणीइतकी जुनी:
इंजिन तापत नाही,
हीटर फुंकतो तोही गारवाच.

बाबांनी काय नाही केलं.
उमिओहून नवा हीटर आणला, नळ्या बदलल्या,
दर ऑक्टोबरात जाळीपुढे पुठ्ठा बांधला.
आणि सव्वीस हिवाळे आई शेजारच्या सीटवर
गुडघ्यांवर रेनडिअरचं कातडं घेऊन
अवाक्षर न काढता मोजे विणत बसली.

माझा अंदाज होता, थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार.
नवा मागवूनही ठेवला होता.
झाकण उचललं
तर आत थर्मोस्टॅट नव्हताच.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसं माझं बोट त्या खोबणीत फिरून आलं.

स्वयंपाकघरात येऊन म्हटलं, कोणीतरी काढून टाकलाय.
अल्फहिल्ड, वय चौऱ्याऐंशी.
तिनं कॉफी संपवली, कप विसळला, पालथा घातला,
आणि बटणांचा डबा घेऊन आली.

कोटांची बटणं, एक शिंपला, बिनटाचणीचं ब्रोच,
त्यांच्या खाली पितळी चकती, स्प्रिंग, तांब्याची गुंडी.
कडेला ठोकलेला आकडा: ८२.

"सुन्सवालच्या वाटेवर. जुलै. बॉनेटमधून वाफा.
तुरे फोन शोधायला चालत गेला, चार किलोमीटर.
लाकडाच्या ट्रकवाल्याकडे मी पाना मागितला."
"आणि?"
"परत आला तेव्हा इंजिन गार. म्हणाला,
गाड्यांचं असंच असतं, जरा वेळ दिला की निवतात."
"तू सांगितलं नाहीस?"
"त्यानं विचारलं नाही."

मग बटाट्यांचं पातेलं, मुरंब्याचा थर्मामीटर.
लाकडी चमच्याला दोऱ्यानं टांगला तो.
तळाला टेकू देऊ नकोस, आई म्हणाली,
तळ नेहमी पाण्याहून खोटं बोलतो.
साठ. सत्तर.
पंचाहत्तरला तिनं चष्मा पुसला.
उतायचं नाही, मातायचं नाही,
घेतला वसा टाकायचा नाही,
एवढंच शिकलेला हा तांब्याचा जीव
इतकी वर्षं बटणांत पडून विसरला असेल, मला वाटलं.
ऐंशी. काही नाही.
ब्याऐंशीला कडेशी केसाएवढी फट.
मग नखाएवढी. मग करंगळी जाईल एवढी.
शेगडी बंद केली तसा निवत निवत
आवाज न करता मिटला.

"हा तर ठणठणीत आहे. मग जुलैत काय बिघडलं होतं?"
"पंख्याचा पट्टा सैल होता. आवळला मी."
"पट्टा आवळलास, तर हा परत का नाही बसवलास?"
आई खिडकीबाहेर पाहत राहिली.
"तोवर तो वळणावर दिसू लागला होता."

नव्याचं पाकीट फोडलंच नाही.
गॅस्केट कापलं बाबांच्या टायरवाल्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून,
गुंडी इंजिनाकडे तोंड करून बसवली,
बोल्ट आलटून पालटून आवळले, ग्लायकॉल ओतलं,
हवा गुडगुडत बाहेर येईस्तोवर थांबले.

इंजिन चालू. आई हातमोजा काढून
वरच्या नळीवर तळवा ठेवून उभी.
गार. गार. सात मिनिटं गार.
मग तिनं हात असा झटकन मागे घेतला
की मला वाटलं तिला कोणी हाक मारली.

चर्चपर्यंत गेलो आणि वळलो नाही,
तसंच पुढे धरणापर्यंत.
कातडं मागच्या सीटवर, घडी घातलेलं.
धरणाजवळ ती म्हणाली, उकडतंय गं,
आणि उणे एकोणीसमध्ये
काच खाली केली,
दोन बोटं.